फॅक्सचा प्रिंटर टेलिफोन लाइनला जोडताना

ऑल-इन-वन प्रिंटर वायफायवरून छापतो, स्कॅन केलेलं पान वायफायवरून कॉम्प्युटरला पाठवतो, त्यामुळे फॅक्सही वायफायवरूनच जात असेल असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अशा प्रिंटरमध्ये एक वेगळा फॅक्स मोडेम, म्हणजे पानाचं टेलिफोनच्या सुरांत रूपांतर करणारा भाग, बसवलेला असतो आणि त्याला टेलिफोनची वायर लागतेच. ती जोडायला पाच मिनिटं पुरतात. तरीही फॅक्स चालत नाही, तेव्हा कारण बहुतेकदा दोहोंपैकी एक असतं: लाइनवर कोणतं यंत्र आधी आणि कोणतं मागे हा क्रम चुकलेला असतो, किंवा आलेला कॉल कुणी उचलायचा हे ठरवलेलंच नसतं. पहिली गोष्ट केबलची, दुसरी सेटिंगची. दोन्ही नीट झाल्या की बाकीचं किरकोळ असतं.

आधी लाइन कोणती आहे ते पाहा

फॅक्स मोडेमला साधी ॲनालॉग लाइन हवी. म्हणजे दोन तारा, फोन खाली ठेवलेला असताना त्यांवर साधारण ४८ व्होल्ट डीसी आणि घंटी वाजताना त्यावर देशागणिक २० किंवा २५ हर्ट्‌झचा एसी. घंटीचा हा दाब ७५ ते ९० व्होल्टपर्यंत जातो, म्हणून लाइन जोडलेली असताना उघड्या तारांना हात लावू नये. झटका जोरदार बसतो. बोलण्यासाठी या लाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच जागा असते आणि फॅक्सचे सगळे सूर तेवढ्यातच बसवलेले असतात.

घरातल्या लाइनची परीक्षा सोपी आहे. वायरचा साधा फोन त्या सॉकेटला लावा. डायल टोन स्वच्छ ऐकू आला, बाहेर फोन लागला आणि मोबाइलवरून त्या नंबरवर कॉल केल्यावर घंटी वाजली, तर लाइन प्रिंटरला चालेल. डायल टोनमागे खरखर किंवा घरघर असेल तर प्रिंटर जोडण्याआधी ती घालवा. माणसाचा कान खरखरीतूनही शब्द ओळखतो, पण मोडेमला तशी सवलत नसते. खरखर ऐकू येणाऱ्या लाइनवर फॅक्स गेला तरी रखडत जातो किंवा मधल्या पानावर तुटतो.

कार्यालयात ही परीक्षा करू नका. तिथल्या सॉकेटमागे कार्यालयाचं स्वतःचं डिजिटल एक्स्चेंज असू शकतं. त्याचा प्लग हुबेहूब तसाच दिसतो, पण तारांवर वेगळाच व्होल्टेज आणि वेगळे सिग्नल असतात. प्रिंटरचा मोडेम त्यात जळू शकतो. टेबलावरच्या फोनला पडदा आणि डझनभर बटणं असतील तर तो सॉकेट डिजिटल आहे असंच धरून चाला आणि एक्स्चेंज सांभाळणाऱ्या माणसाकडे फॅक्ससाठी ॲनालॉग एक्स्टेन्शन मागा. ते जवळपास प्रत्येक एक्स्चेंजवर काढून देता येतं.

तिसरा प्रकार म्हणजे फायबर किंवा इंटरनेटवरचा फोन. यात फोनचा सॉकेट भिंतीवर नसून फायबरच्या डब्यावर किंवा राउटरवर असतो. प्रिंटर त्यालाही जोडता येतो, पण सेटिंग वेगळी करावी लागतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

प्रिंटरच्या मागचे सॉकेट

मागे एकमेकांशेजारी दोन छोटे सॉकेट दिसतील. एकावर इंग्रजीत ‘लाइन’ लिहिलेलं असतं किंवा भिंतीवरच्या सॉकेटचं चित्र असतं. दुसऱ्यावर ‘एक्स्ट’ किंवा फोनचं चित्र. एचपीच्या अनेक मॉडेलांवर ‘१-लाइन’ आणि ‘२-एक्स्ट’ असे आकडेही असतात. एक्स्टवर बहुधा प्लास्टिकचं झाकण असतं. काही नव्या मॉडेलांवर एकच सॉकेट असतो, तो लाइनचा.

थोडा रुंद, आठ पिनांचा तिसरा सॉकेट असेल तर तो नेटवर्कच्या केबलसाठी आहे. टेलिफोनचा प्लग, म्हणजे आरजे-११, त्यात सैलसर बसतो आणि अडकल्यासारखाही वाटतो, म्हणून घोळ होतो. तिथे लाइन लावली तर घंटीचा व्होल्टेज नेटवर्कच्या भागात शिरतो. प्लग आत जाताना ‘टक’ आवाज आला नाही किंवा तो डावी-उजवीकडे हलत असेल तर चुकीचा सॉकेट धरलाय असं समजा.

केबल शक्यतो प्रिंटरबरोबर आलेलीच वापरा. आरजे-११ प्लगच्या मधल्या दोन पिनांवर लाइन असते. बाजारात मिळणाऱ्या काही केबल दोन तारांच्या असतात, काही चार तारांच्या. दिसायला सारख्याच, पण काही प्रिंटर त्यांत फरक करतात आणि नेमकी दोन तारांचीच केबल मागतात. केबल अपुरी पडली तर जोडणीचा छोटा कपलर लावून पुढे दुसरी केबल न्या, पण जोडांवर जोड नकोत. प्रत्येक जोड खरखरीला जागा देतो.

ब्रिटन आणि जर्मनीत भिंतीवरचा सॉकेटच निराळा असतो. ब्रिटिश प्लगपासून आरजे-११ कडे जाणाऱ्या केबलींमध्ये आतल्या तारा दोन वेगळ्या रीतींनी जोडलेल्या मिळतात. चुकीची लावली तर प्रिंटरला लाइन दिसतच नाही, जरी तीच केबल एखाद्या दुसऱ्या यंत्रावर व्यवस्थित चालत असली तरी. जर्मन टीएई सॉकेटमध्ये ‘एफ’ची खाच फोनसाठी आणि ‘एन’ची फॅक्स, मोडेम, आन्सरिंग मशीन यांच्यासाठी असते. प्रिंटर ‘एन’मध्ये जातो.

क्रम: आधी प्रिंटर, त्याच्या मागे बाकी सगळं

लाइन भिंतीतून निघून सर्वात आधी प्रिंटरला मिळाली पाहिजे. फोन आणि आन्सरिंग मशीन प्रिंटरच्या एक्स्टमधून पुढे जातात. याचं कारण यंत्राच्या आतच आहे. बहुतेक प्रिंटरमध्ये एक्स्टच्या वाटेवर एक रिले, म्हणजे आपोआप उघडबंद होणारा स्विच, असतो. फॅक्स सुरू झाला की तो एक्स्टकडची वाट तोडतो. मग कुणी मध्येच रिसीव्हर उचलला तरी फॅक्सला धक्का लागत नाही. भिंतीवरच टी-आकाराचा स्प्लिटर लावून एका फांदीला फोन आणि दुसरीला प्रिंटर जोडला तर हे संरक्षण जातं. रिसीव्हर उचलल्या क्षणी लाइनवरचा व्होल्टेज खाली येतो, मोडेमचा ताल तुटतो आणि फॅक्स अर्ध्यात थांबतो. शक्य असेल तिथे स्प्लिटर टाळाच.

या नियमाला एक अपवाद आहे. त्याच लाइनवरून बाहेर कळवणारी चोरघंटी किंवा आगीची घंटा असेल तर तिची पेटी प्रिंटरच्याही आधी हवी, कारण संकटात तिला बाकीच्यांना तोडून लाइन ताब्यात घ्यावी लागते. तिथल्या वायरिंगला स्वतः हात लावू नका. ती बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच प्रिंटरची जागा ठरवून घ्या.

साधी जोडणी अशी करा:

१. प्रिंटर बंद करा. विजेचा प्लग काढायची गरज नाही. तो जमिनीच्या तारेसह लागलेला असणं उलट बरं.

२. टेलिफोन केबलचं एक टोक प्रिंटरच्या ‘लाइन’ सॉकेटमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा.

३. दुसरं टोक भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा. ब्रॉडबँड याच तांब्याच्या लाइनवर असेल तर मध्ये फिल्टर येतो. त्याचं पुढे पाहा.

४. त्याच लाइनवर फोन हवा असेल तर ‘एक्स्ट’वरचं झाकण काढून फोनची केबल तिथे लावा. आन्सरिंग मशीन असेल तर एक्स्टमधून आधी मशीन आणि मशीनमधून पुढे फोन.

५. प्रिंटर सुरू करा, एक्स्टवरचा फोन उचला आणि डायल टोन ऐका. टोन आला म्हणजे दोन्ही केबल योग्य जागी आहेत. प्रिंटर बंद असतानाही हा फोन बहुतेक मॉडेलांवर चालतो, कारण रिलेची विसाव्याची जागा ‘जोडलेली’ अशीच असते.

एका लाइनवर किती घंट्या वाजू शकतात यालाही मर्यादा आहे. प्रत्येक यंत्राच्या तळाशी किंवा पाठीवर त्याचा घंटीचा भार आरईएन या आकड्यात दिलेला असतो. साध्या लाइनवर अमेरिकेत या आकड्यांची बेरीज ५ पर्यंत आणि ब्रिटनमध्ये ४ पर्यंत चालते. इंटरनेट फोनच्या छोट्या अडॅप्टरला याहून कमीच झेपतं. बेरीज जास्त झाली की घंटी मरतुकडी वाजते किंवा वाजतच नाही, आणि प्रिंटरला कॉल आल्याचं कळत नाही. घरात जुने फोन बरेच असतील आणि ‘फॅक्स जातो पण येत नाही’ अशी तक्रार असेल तर दोन फोन काढून पाहा.

तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर

डीएसएल ब्रॉडबँड त्याच दोन तारांवर साधारण २५ किलोहर्ट्‌झच्या वर चालतं, एडीएसएलमध्ये १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत, एडीएसएल२+ मध्ये २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत. बोलणं आणि फॅक्स खालच्या पट्ट्यात. दोघांना वेगळं ठेवतो तो फिल्टर. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये फिल्टर लावा, त्याच्या ‘फोन’ लिहिलेल्या बाजूतून केबल प्रिंटरच्या लाइनमध्ये न्या आणि ‘डीएसएल’ लिहिलेल्या बाजूतून राउटरकडे. हे उलटं झालं तर दोन लक्षणं एकदम दिसतात: इंटरनेट जोडलंच जात नाही आणि प्रिंटरला मागे सतत सूंसूं आवाज येत राहतो.

प्रिंटरच्या एक्स्टमागे लावलेल्या फोनला वेगळा फिल्टर नको. तो आधीच फिल्टरच्या मागे आहे. तिथे दुसरा लावला तर आवाज क्षीण होतो आणि फॅक्सचा वेग पडतो. घरात दुसऱ्या सॉकेटवर मात्र फोन असतील तर त्या प्रत्येकाला स्वतःचा फिल्टर हवा. एक जरी विसरला तरी त्याची खरखर अख्ख्या लाइनवर पसरते आणि फॅक्स चालू असताना इंटरनेटही तुटू शकतं. आलेला फॅक्स नेट पाडतोय असं दिसलं की आधी फिल्टर मोजा.

कॉल कुणी उचलायचा

सर्वात जास्त गोंधळ या सेटिंगवरून होतो, म्हणून इथे घाई करू नका. फॅक्स पाठवणारं यंत्र नंबर लागल्यावर १,१०० हर्ट्‌झचा छोटा सूर वाजवतं: अर्धा सेकंद सूर, तीन सेकंद शांतता, पुन्हा सूर. घेणारं यंत्र कॉल उचलून २,१०० हर्ट्‌झचा लांब सूर देतं. मग दोघं ३०० बिट प्रति सेकंद इतक्या सावकाश गतीने आपापली ताकद एकमेकांना कळवतात आणि वेग ठरवतात. फोन की फॅक्स हे स्वतः ओळखणाऱ्या प्रिंटरच्या उत्तर-पद्धती त्या पहिल्या १,१०० हर्ट्‌झच्या सुरावर अवलंबून आहेत.

लाइन फक्त फॅक्ससाठी असेल तर काहीच अडचण नाही. ‘फॅक्स ओन्ली’ किंवा ‘ऑटो आन्सर’ चालू करा, कॉल उचलण्याआधीच्या घंट्या १ किंवा २ ठेवा. दिवसात दोन-चारपेक्षा जास्त फॅक्स येत असतील तर स्वतंत्र लाइन हाच सर्वात कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

लाइन बोलण्यासाठी आणि फॅक्ससाठी एकच असेल तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट, फॅक्स क्वचित येतात आणि कुणीतरी नेहमी जवळ असतं. ‘मॅन्युअल’ ठेवा. फोन उचला, माणूस असेल तर बोला, सूर ऐकू आला तर प्रिंटरवर ‘फॅक्स स्टार्ट’ दाबा आणि प्रिंटरने लाइन घेतल्यावर रिसीव्हर ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत असेल तर फोनवरूनच कोड दाबून प्रिंटरला कॉल देता येतो. ब्रदर कंपनीच्या यंत्रांत तो मुळात *५१ असतो. कोड चालायला फोन टोन डायलिंगचा हवा आणि प्रिंटरच्या मेनूत ही सोय चालू केलेली हवी.

दुसरी वाट, फोन आणि फॅक्स दोन्ही येतात. ‘फॅक्स/टेल’ ठेवा. प्रिंटर स्वतः कॉल उचलतो आणि तो सूर शोधतो. सापडला तर फॅक्स घेतो, नाही तर स्वतःची वेगळी घंटी वाजवून माणसाला बोलावतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही दुसरी घंटी बहुतेक यंत्रांत फक्त प्रिंटरमधूनच वाजते, इतर खोल्यांतले फोन गप्प राहतात. शिवाय प्रिंटरने उचलताच कॉल लागला असं धरलं जातं, त्यामुळे समोरच्याचे पैसे तेव्हापासून सुरू होतात. हाताने पाठवणाऱ्या काही जुन्या यंत्रांतून १,१०० हर्ट्‌झचा सूर येतच नाही. त्यांचा फॅक्स या पद्धतीत माणसाचा कॉल समजला जातो आणि हाताने स्टार्ट दाबावं लागतं.

तिसरी वाट, लाइनवर स्वतंत्र आन्सरिंग मशीन आहे. मशीन एक्स्टमध्येच हवं. त्याच्या घंट्या ४ किंवा त्याहून कमी ठेवा. प्रिंटरमध्ये ‘एक्स्टर्नल टॅड’, म्हणजे बाहेरचं आन्सरिंग मशीन, अशी पद्धत असेल तर ती निवडा. नसेल तर प्रिंटरच्या घंट्या मशीनपेक्षा जास्त, शक्य तितक्या जास्त ठेवा. कॉल मशीन उचलतं, प्रिंटर मागून ऐकत असतो आणि सूर आला की मशीनला तोडून लाइन घेतो. यासाठी मशीनवरच्या निरोपाच्या सुरुवातीला पाच सेकंद शांतता रेकॉर्ड करा. सूर साडेतीन सेकंदांतून एकदा येतो, म्हणून पाच सेकंदांत तो एकदा तरी निर्मळ ऐकू येतोच. निरोपही २० सेकंदांच्या आत संपवा, नाहीतर पाठवणारं यंत्र वाट पाहून थकतं.

टेलिफोन कंपनीचा व्हॉइसमेल याहून वेगळा आहे. तो घरात नसतो, कंपनीच्या यंत्रणेत असतो. कॉल एकदा तिकडे वळला की प्रिंटरला त्यातलं काही ऐकूच येत नाही. प्रिंटरच्या घंट्या व्हॉइसमेलपेक्षा कमी ठेवल्या तर प्रत्येक कॉल प्रिंटर उचलतो आणि व्हॉइसमेल निरुपयोगी होतो. जास्त ठेवल्या तर फॅक्स व्हॉइसमेलमध्ये किंचाळत राहतात. यातून नीट मार्ग एकच: एकाच लाइनवर दुसरा नंबर आणि त्याला वेगळ्या लयीची घंटी देणारी सेवा घेणं, आणि प्रिंटरला ‘डिस्टिंक्टिव्ह रिंग’मध्ये फक्त ती लय शिकवणं. ही सेवा मिळत नसेल तर व्हॉइसमेल बंद करा.

कॉल वेटिंगही फॅक्सच्या लाइनवर नकोच. चालू फॅक्समध्ये त्याची ‘बीप’ आली की ओळ फाटते. ते कंपनीकडून बंद करवून घ्या, किंवा तात्पुरतं बंद करणारा कोड असेल तर तो फॅक्स नंबरच्या आधी जोडा.

मेनूत काय भरायचं

देश बरोबर निवडा. डायल टोन, एंगेज टोन आणि घंटीची लय देशादेशांत वेगळी असते; चुकीचा देश असेल तर लाइन धडधाकट असूनही प्रिंटर ‘डायल टोन नाही’ म्हणतो. तारीख, वेळ, स्वतःचा नंबर आणि नाव भरा. ते प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलं जातं आणि काही देशांत कायद्याने बंधनकारक आहे. काही यंत्रं बराच काळ वीज गेली की घड्याळ विसरतात. पुराव्यासाठी फॅक्स ठेवत असाल तर वीज आल्यावर तारीख पाहण्याची सवय लावा. डायलिंग ‘टोन’ ठेवा. ‘पल्स’ची गरज फार जुन्या एक्स्चेंजवरच पडते.

कार्यालयात बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ किंवा ० दाबावा लागत असेल तर त्या आकड्यानंतर विराम टाका. काही यंत्रांत तो स्वल्पविरामाने दिसतो, काहींत आडव्या रेघेने. एका विरामाने बहुधा दोन-तीन सेकंद मिळतात. कमी पडले तर दोन टाका. अंतर्गत डायल टोन अडखळत येणाऱ्या एक्स्चेंजवर प्रिंटर तो ओळखत नाही. तिथे मेनूतली ‘डायल टोन डिटेक्शन’ ही अट बंद करा.

इंटरनेट फोनवर फॅक्स

फायबरचा डबा किंवा अडॅप्टर फोनच्या आवाजाचे तुकडे करून इंटरनेटवरून पाठवतो. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कळतही नाही, पण फॅक्ससाठी तो हरवलेला तुकडा म्हणजे गेलेली ओळ. म्हणून इथे वेगाचा मोह सोडून द्यायचा.

प्रिंटरची केबल भिंतीकडे न नेता थेट डब्याच्या फोन सॉकेटला लावा. त्यावर ‘टेल’ किंवा ‘फोन १’ असं लिहिलेलं असतं. डब्यातून निघालेली लाइन घरभरच्या जुन्या वायरिंगमध्ये सोडायची असेल तर ते वायरिंग बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या लाइनपासून आधी पूर्ण तोडा. नाहीतर बाहेरचा ४८ व्होल्ट डब्याच्या फोन सॉकेटवर जाऊन तो निकामी होऊ शकतो.

फोन कंपनीला विचारायचे प्रश्न दोन. ‘टी.३८’ आहे का? ही फॅक्ससाठीच बनवलेली पद्धत आहे. त्यात सुरांऐवजी पानाचा मजकूरच डिजिटल रूपात जातो, पण ती अडॅप्टर आणि कंपनी दोघांकडे असावी लागते. नसेल तर आवाज न दाबणारा ‘जी.७११’ कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करण्याची पद्धत, आहे का? ‘जी.७२९’सारखे कोडेक फक्त माणसाच्या आवाजापुरतेच घडवलेले आहेत, त्यांतून फॅक्स पार होत नाही. अडॅप्टरच्या मेनूत शिरता येत असेल तर शांततेत आवाजाचे तुकडे न पाठवण्याची सोय बंद करा आणि प्रतिध्वनी रद्द करण्याची सोयही फॅक्सच्या पोर्टपुरती काढा.

प्रिंटरवर आधी सुपर जी३, म्हणजे ३३,६०० बिटचा वेग काढा आणि १४,४०० वर आणा. तरी तुटत असेल तर ९,६००. चुका दुरुस्त करणारी ईसीएम ही सोय शक्यतो चालू ठेवा. ती पानाचा मजकूर २५६ बाइटच्या चौकटींत पाठवते आणि बिघडलेल्या चौकटी पुन्हा मागवते. त्यामुळे एकतर पान पूर्ण येतं किंवा येत नाही. ईसीएम बंद केली की फॅक्स ‘पूर्ण झाला’ असं दिसतं खरं, पण मधल्या ओळी गेलेल्या असू शकतात. पत्रात ते चालेल, औषधाच्या चिठ्ठीत किंवा खाते क्रमांकात नाही. ब्रदरच्या प्रिंटरमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’खालचा ‘बेसिक’ पर्याय वेग ९,६०० वर आणतो आणि ईसीएमही बंद करतो. म्हणून तो शेवटचा उपाय समजा, आणि वापरलाच तर महत्त्वाच्या फॅक्सचं पान फोनवरून एकदा पडताळून घ्या.

तपासणी

एचपीच्या प्रिंटरमध्ये फॅक्सच्या सेटिंगखाली एक चाचणी असते. ती हार्डवेअर, भिंतीवरची लाइन, केबल योग्य सॉकेटमध्ये आहे का, केबलचा प्रकार, डायल टोन आणि लाइनची स्थिती अशा सहा गोष्टी तपासून अहवाल छापते. इतर कंपन्यांच्या प्रिंटरमध्येही अशा चाचण्या असतात. ती चालवताना कागद भरलेला हवा आणि घरातले सगळे फोन खाली ठेवलेले हवेत.

मग खरा फॅक्स पाठवा: बारीक अक्षरांचं एक पान आणि गडद छायाचित्राचं एक. छायाचित्राचं पान जास्त वेळ घेतं, म्हणून लाइनचा कमकुवतपणा तिथेच उघडा पडतो. साध्या मजकुराला ‘स्टँडर्ड’, बारीक अक्षरांना ‘फाइन’. ‘फाइन’मध्ये आडव्या ओळींची घनता उभ्या इंचाला ९८ वरून १९६ होते आणि वेळही तितकाच वाढतो. पाठवणं जमलं तरी घेणंही तपासा. ओळखीच्या कुणाकडून फॅक्स मागवा आणि त्या वेळी बाकी फोनना हात लावू नका. लगेच त्याच नंबरवर साधा कॉलही करून पाहा, म्हणजे माणसाला सूर ऐकू येत नाहीत ना हे कळेल.

काही बिघडलंच तर

डायल टोन नाही असं प्रिंटर म्हणत असेल तर आधी केबल चुकून एक्स्टमध्ये गेली नाही ना ते पाहा. हीच चूक सर्वात जास्त सापडते. मग प्रिंटरची केबल काढून भिंतीवर साधा फोन लावा. टोन नसेल तर दोष लाइनमध्ये किंवा दुसऱ्या खोलीतल्या नीट न ठेवलेल्या फोनमध्ये आहे. टोन असेल तर केबल बदला, देश तपासा.

पाठवता येतं पण येत नाही: ऑटो आन्सर बंद असतं, प्रिंटरच्या घंट्या व्हॉइसमेलपेक्षा जास्त असतात, किंवा लाइनवरचा घंटीचा भार जास्त असतो. कागद संपला आणि मेमरी भरली असेल तरीही काही यंत्रं कॉल उचलायचं थांबवतात.

येतं पण पाठवता येत नाही: बाहेरच्या लाइनचा आकडा, विराम आणि डायल टोनची अट, याच क्रमाने पाहा. समोरून ‘उत्तर नाही’ असं येत असेल तर तो नंबर फोनवरून लावून कानाने ऐका. अनेकदा पलीकडे माणूस फोन उचलत असतो.

पान अर्ध्यात तुटतं किंवा मध्ये पांढरे पट्टे येतात: लाइनची खरखर, विसरलेला फिल्टर, कॉल वेटिंग, स्प्लिटर. एकेक काढून पाहा, सगळं एकदम बदलू नका. शेवटी प्रिंटर एकटा, बाकी सगळं काढून, लाइन घरात येते त्या पहिल्या सॉकेटला लावा. तिथे चालला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये. तिथेही नाही चालला तर वेग १४,४०० किंवा ९,६०० करून पाहा. फक्त एकाच नंबरला त्रास होत असेल तर दोष बहुधा पलीकडच्या लाइनचा असतो आणि वेग कमी केल्यावर तोही बऱ्याचदा सुटतो.

पावसाळ्यात विजा होत असतील तर टेलिफोनची केबल भिंतीतून काढून ठेवा. लाइनच्या तारा घराबाहेर लांबवर गेलेल्या असतात आणि त्यांवरून आलेला दाब मोडेम जाळतो. प्रिंटर मग छापतो, स्कॅन करतो, पण फॅक्सला मुका होतो. केबल प्रत्येक वेळी काढणं शक्य नसेल तर वीज आणि टेलिफोन दोन्हीसाठी सॉकेट असलेला सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि लाइन त्याच्यातून प्रिंटरला द्या. फक्त विजेच्या बाजूचा प्रोटेक्टर असेल तर लाइनची बाजू उघडीच राहते.